मधल्या दिवसांचे ठिपके

उन्हाळ्याच्या सुट्टीला शाळा बंद होताना आम्हा गणिताच्या शिक्षकांना एकेक ग्राफिंग कॅल्क्युलेटर घरी न्यायला दिला आणि जूनपर्यंत त्यावर हात बसलेला हवा असं बजावलं. शाळा नवी होती. शेंद्र्याकडे कारखाने वाढले, बाहेरगावचे साहेब लोक बदलून यायला लागले आणि त्यांच्या मुलांसाठी जालना रोडला परदेशी अभ्यासक्रमाची ही शाळा निघाली. त्याआधी बरीच वर्षं मी बोर्डाच्या शाळेत फळ्यावर खडूनं आलेख काढत होते. इथं पगार बरा होता, बस घराजवळून जायची, म्हणून आले. नवं यंत्र शिकण्याची हौस अशी नव्हती. त्या वर्षी कशाचीच नव्हती.

दुष्काळाचं ते सलग दुसरं वर्ष. नाथसागर धरणात मृतसाठा किती उरला हे रोज पहिल्या पानावर यायचं आणि त्याच पानावर खाली नव्या फ्लॅट स्कीमची जाहिरात असायची. आमची इमारत बीड बायपासच्या पलीकडे. महापालिकेची पाइपलाइन तिथं पोचलेली नव्हती. बोअर चालली तोवर बोअर, ती आटल्यावर टँकर. आजूबाजूला बांधकामं चालूच होती. बांधकामाला टँकर, राहणाऱ्यांना टँकर, आणि सगळे एकाच कच्च्या रस्त्यानं धुरळा उडवत यायचे. आमचा एक दिवसाआड यायचा. आला की खालचा हौद भरायचा, मोटर लावून पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, आणि कुणीही पिंपं भरून न ठेवता सगळ्या घरांनी तेवढ्यात पुढच्या टँकरपर्यंत भागवायचं, असं ठरलेलं होतं.

इमारत तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही. मी आणि माझे मिस्टर तळमजल्यावर आणि माझी थोरली बहीण बरोबर माझ्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर. ताई पाचोडला प्राथमिक शाळेत होती. भाऊजी लवकर गेले. नोकरीची सगळी वर्षं तिनं भाड्याच्या खोल्यांत काढली. निवृत्तीनंतर घेतलेला हा फ्लॅट म्हणजे तिच्या नावावरचं पहिलं घर. तिसरा मजला तिनं मुद्दाम निवडला होता. मागच्या बाल्कनीतून जवळच्या सातारा गावाचा डोंगर दिसतो, आणि वर कुणी राहत नाही. "जलमभर दुसऱ्यांच्या खलबत्त्याचे आवाज ऐकले, आता माझा दुसऱ्यांनी ऐकावा," असं ती म्हणायची.

तिचा मुलगा पुण्याला. आईनं उन्हाळ्यात इथं राहू नये, कायमचंच पुण्याला यावं, असं त्याचं मागच्या वर्षापासून चाललं होतं. ताईचं एकच उत्तर: पाणी पुरतंय, मग मी कशाला हलू? शेवटी त्यानं मला फोन केला. "मावशी, तिच्या बोलण्यावरून मला काही कळत नाही. तू सांग. पाणी पुरतंय म्हणालीस तर मी हा विषय काढणार नाही. नाही म्हणालीस तर गाडी घेऊन येतो."

घरातली असली कामं माझ्याकडेच येतात. माझ्या फ्रिजच्या दारावर वाण्याची यादी, औषधांची यादी, टँकरच्या दिवसाची यादी (गाळणी, पाइप, मोटरची किल्ली, कुणी हजर राहायचं ते) अशा याद्या लावलेल्या असतात, आणि लोकांना वाटतं जिथं यादी आहे तिथं उत्तर असणार. मी त्याला म्हटलं, आठ-दहा दिवस थांब, बघून सांगते.

त्यावर ताईला गच्चीतली टाकी मोजायला मीच सांगितलं. गच्ची तिला एक जिना, मला चार, म्हणजे तिला ते सोपं. शिवाय मला कॅल्क्युलेटरवर सरावाला खरे आकडे हवे होते. पुस्तकात उदाहरण होतं ते वर फेकलेल्या चेंडूचं. मला कंटाळा आला होता त्या चेंडूचा.

ताईनं मोजण्याची रीत स्वतः काढली. पडद्याची जुनी काठी घ्यायची, तिला खडू चोळायचा, टाकीत सरळ उभी सोडायची. जिथवर खडू धुऊन निघेल तिथवर पाणी. मग विती टाकून मोजायचं आणि जिन्याच्या कठड्यावरून खाली ओरडायचं, "पाच विती आन् तीन बोटं!" मी खाली स्वयंपाकघरातून ओ द्यायची आणि बारा बोटांची एक वीत धरून सव्वापाच असं यंत्रात घालायची. दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, ते जाता-येता म्हणायचे, "मॅडम, त्या मशीनला पाऊस कधी पडणार तेवढं विचारा की."

यंत्राचं काम तसं सरळ होतं. पहिल्या रकान्यात दिवस, दुसऱ्यात विती. आलेखाचं बटण दाबलं की काहीच दिसायचं नाही, पांढरा कोरा पडदा, नुसते अक्ष. पहिल्या दिवशी वाटलं बिघडलं. मग समजलं की आपण कागदावर आलेख काढताना उजव्या कोपऱ्यात आधी प्रमाण लिहितो, तसं यालाही सांगावं लागतं की आडवं कुठून कुठपर्यंत बघायचं, उभं कुठून कुठपर्यंत. ते भरलं आणि ठिपके उमटले. एका ओळीत, जवळजवळ आडवे. या ठिपक्यांच्या सर्वांत जवळून जाणारी सरळ रेषा काढ म्हटलं तर त्यानं ती काढली, तिचं समीकरण दिलं. उतार इतका कमी की पहिल्यांदा मला तो शून्यच वाटला. ते समीकरण मी फलनाच्या जागी भरलं आणि टेबल उघडलं. सुरुवात कुठून, पायरी केवढी, म्हणजे किती अंतरानं आकडे हवेत, एवढं विचारतं ते. मग बाण दाबत खाली खाली जात राहायचं. जूनअखेरच्या ओळीपर्यंत गेले तरी पाणी पाच वितींच्या आसपासच होतं. टाकी दोन वितींखाली गेली की वरच्या मजल्याला धार येत नाही, हे भाऊंनी सांगितलं होतं. इथं तर दोन कुठं दिसतच नव्हते.

मला हलकं वाटलं. भाच्याला फोन करायचं मी दुसऱ्या दिवशीच्या यादीत लिहून ठेवलं.

पण त्याआधी शाळेचं काम होतं. सुट्टी असली तरी दुपारपर्यंत प्रशिक्षणाला जावं लागे, आणि त्यांनी सांगितलं होतं की आपल्या मुलांकडून होणारी एक चूक निवडून त्यावर सरावाचं पान तयार करा. त्यासाठी मला फार शोधावं लागलं नाही. बोर्डातून आलेल्या मुलांची सवय पक्की: आलेख काढायचा म्हणजे तीन बिंदू घ्यायचे. रेषेला तीन पुरतात, म्हणून सगळ्यालाच तीन. आणि तीन म्हणजे उणे एक, शून्य, एक, कारण ते सोपे. मी एक्सचा घन वजा एक्स हे फलन भरलं आणि टेबल उणे एकपासून सुरू केलं, पायरी एकची. पहिल्या तिन्ही ओळींत शून्य, शून्य, शून्य. तीन बिंदू मिळाले की आपलं पोर पट्टी ठेवतं, एक्स अक्षावरच रेष ओढतं आणि वही मिटतं. पायरी अर्ध्याची केली की मधल्या ओळी उघड्या पडतात: एकीकडे फुगवटा, दुसरीकडे खड्डा. खरा आलेख नागमोडी.

पान चांगलं झालं. मी ते दोनदा वाचलं, पेनाचं टोपण लावलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की टाकीच्या आकड्यांतसुद्धा पायरी दोनची होती. ताई एक दिवसाआड ओरडायची. टँकर एक दिवसाआड यायचा. मोटर बंद झाली, टाकी भरली, की काठी. मधल्या दिवसाचा एकही आकडा माझ्याकडे नव्हता.

संध्याकाळी तिला सहज म्हटलं, उद्या टँकर नाही, पण उद्याही मोजशील का? ती म्हणाली, रोज रोज काय बदलतंय त्यात, आणि भाजीचं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी प्रशिक्षणातून मध्यंतरातच निघाले. डोकं दुखतंय सांगितलं, तेही खरंच होतं. उन्हातून आले आणि घरात न जाता जिना चढायला लागले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ताई पायरीवर बसलेली. शेजारी तेलाचे पाच-पाच लिटरचे दोन डबे, बुचं घट्ट लावलेले, पाण्यानं भरलेले. साडी जरा वर घेऊन तिनं गुडघ्यांना जुन्या ओढणीच्या पट्ट्या बांधल्या होत्या.

"काय करतेस इथं?"

"बसलेय."

"जिन्यात?"

"जिन्यात बसायला काय लायसन लागतं व्हय?"

मी डबे उचलले. ती नको नको म्हणाली नाही, त्यावरूनच मला कळायचं ते कळलं. वर गेलो. तिच्या स्वयंपाकघरातला नळ मी सोडला. आधी नुसती हवा आली, मग करंगळीएवढी धार, मग तीही थांबली. मी तशीच गच्चीवर गेले, काठीला खडू चोळला आणि टाकीत सोडली. खालचा जेमतेम अर्धी वीत खडू गेला होता.

खाली आले तेव्हा तिनं माझ्यासाठी डब्यातलंच पाणी पेल्यात ओतून ठेवलं होतं.

"मधल्या दिवशी का सांगत नाहीस?" मी विचारलं.

"मधल्या दिवशी गच्चीपर्यंत पाय जातच नाहीत गं. हौदाच्या तळाला मोटर ओढत नाही तेवढं उरतं, त्यातून हे दोन डबे आणले की संपलं. टँकर आला की नळाला येतं, पायाला जरा आराम पडतो. मग जाते वर आन् घालते काठी." तिनं पट्टी सोडायला घेतली. "खोटा आकडा एकपण दिला नाही मी तुला."

"ते माहीत आहे. पण मला म्हणायचंस."

"तुला म्हटलं असतं तर तू त्याला म्हटलं असतंस."

मी खरंच म्हटलं असतं. सकाळी मी शाळेत असताना ती पाणी चढवत होती, म्हणून मला दिसलं नव्हतं. आणि माझ्या नळानं मला काहीच सांगितलं नव्हतं. तळमजल्याला शेवटच्या थेंबापर्यंत धार येते. टाकी रिकामी होत आल्याचं खालच्या माणसाला सगळ्यात शेवटी कळतं.

"आता सांगणार त्याला?" तिनं विचारलं. आवाज अगदी साधा होता, भाजी चिरू का विचारावं तसा.

"आधी मोजते," मी म्हटलं.

पुढचे काही दिवस मधल्या दिवसांची काठी मी टाकली आणि दोन्ही आकडे भरले. हौदावरून पाणीही मीच आणलं. गुडघे माझेही काही नवे नाहीत. तिसऱ्या मजल्यावर डबे टेकवले की मान आणि पाठ एकदमच बोलायला लागायची. मग आलेख पुन्हा काढला. ठिपके वर-खाली, वर-खाली झाले. यंत्राला जवळची सरळ रेषा विचारली तर त्यानं ती बिनतक्रार काढली, तीन वितींच्या जरा खाली, जिथं एकही ठिपका नव्हता. वरचे सगळे तिच्या वर, खालचे सगळे तिच्या खाली. सरासरी काढून गप्प बसलं असतं तर तीही म्हणाली असती, पाणी पुरतंय.

मी ते ताईला दाखवलं. तिनं चष्मा पुसून लावला आणि तो छोटा पडदा नाकापाशी धरला.

"करवत हाय ही," ती म्हणाली. मग बोटानं दाखवत, "हे वरचे टँकरचे. हे खालचे माझे."

"हो."

"मग कर फोन. जे हाय ते सांग." तिनं कॅल्क्युलेटर माझ्या हातात दिला. "पुण्यात बाल्कनी हाय म्हणे त्याला. समोर दुसरी बिल्डिंग हाय."

मी खाली आले आणि यादी करायला बसले. एक, ताई पुण्याला जाते. दोन, रोजचा टँकर. तो मिळत नव्हता, विचारून झालं होतं, टँकरवाला आमच्याआधी बांधकामांना देत होता. तीन असं लिहिलं आणि पुढे काही सुचेना. फोन हातात घेतला, ठेवला. भांडी पडली होती म्हणून उठले आणि नळ सोडला. पूर्ण धार आली. मधला दिवस होता, वर टाकीत अर्धी वीत पाणी होतं, ताईच्या नळाला हवा होती, आणि माझ्या भांड्यावर पाणी धो धो पडत होतं.

मिस्टर शेंद्र्याहून पहिली पाळी करून आले. त्यांना चहा दिला आणि सांगितलं की ताईला खाली आणायचं, आपण वर जायचं. त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "मला फक्त कोणत्या मजल्यावर झोपायचं ते सांग." जेवताना त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, पाणी कोण चढवणार? मी म्हटलं, दोघं. ते हं म्हणाले. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघंही एवढंच बोलायचो.

ताई मात्र पटकन ऐकायला तयार नव्हती. माझं घर ते माझं घर, म्हणाली. मी म्हटलं, घर तुझंच राहणार, नावाची पाटीसुद्धा हलवू नकोस, मी तुझी भाडेकरू. ती म्हणाली, तुझा ओटा उंच हाय.

"स्टूल घे."

"ओट्याशी स्टुलावर चढून भाकरी थापू? सर्कस हाय का?"

"मग बसून थाप. शेगडी खाली ठेवू."

"आन् डोंगर?"

तळमजल्यावरून समोरच्या स्कीमची पत्र्याची भिंत दिसते. ताई बराच वेळ तिच्या बाल्कनीतून बघत बसली. डोंगर उन्हाळ्यात काही बघण्यासारखा नसतो, करपलेला, खडीच्या खाणीनं एका बाजूनं खाल्लेला. तरी बघत बसली.

"तुला हे लई जड जाणार," ती म्हणाली. "मला माहीत हाय ना."

"जाईल."

"पावसाळ्यापर्यंत."

"पावसाळ्यापर्यंत," मी म्हटलं.

भाच्याला मी खरं तेच सांगितलं. वरच्या मजल्यावर पाणी पुरत नाही. खाली पुरतं. तुझी आई खाली राहील. तो म्हणाला, "आणि मावशी, तू?"

"मी वर."

"अगं पण तुला तरी..."

"मी मोजलंय," मी म्हटलं, आणि त्यानं पुढे विचारलं नाही. माझ्या मोजण्यावर घरात कुणी शंका घेत नाही. त्या दिवशी कुणी घेतली असती तर मला बरं वाटलं असतं.

सामानाची अदलाबदल आम्ही एका टँकरच्या दिवशी केली, सगळे घरी असतात म्हणून. भाऊंनी हात लावला. गाद्या, डबे, मिक्सर, ताईचं देवघर. कपाटं जिथली तिथं ठेवली, फक्त कप्पे रिकामे केले. माझ्या याद्या मी फ्रिजच्या दारावरून काढून वर नेल्या, टँकरची सोडून. ती तिथंच राहिली, कारण आता मोटरची किल्ली तिच्याकडे असणार होती. तिच्या स्वयंपाकघरात माझा हात वरच्या फळीला लागायचा आणि तिच्या ओट्यावर वाकून माझी कंबर धरायची. तिनं खाली पहिल्या दिवशी भाकरी थापल्या आणि वर पाठवल्या. सांगून पाठवलं की स्टूल लागत नाही.

जूनमध्ये कॅल्क्युलेटर घेऊन शाळेत गेले. माझं पान सगळ्यांना आवडलं. पायरी बदलून बघा, असं मी मुलांना सांगत राहिले. अजूनही सांगते.

पाऊस झाला, पण थोडा. मग एका वर्षी चांगला झाला आणि बोअरला पाणी आलं. तेव्हा ताईला मी म्हटलं, चल, वर जायचं का? ती म्हणाली, आता तुझी फळी मला सापडायला लागली. तिचे गुडघे तोवर आणखी गेले होते. मग पुन्हा उन्हाळा आला. दरम्यान शहराचं नाव बदललं, बायपास रुंद झाला, आमच्या मागे दोन नव्या इमारती उभ्या राहिल्या आणि एकीनं डोंगर अर्धा झाकला. पाइपलाइनसाठी रस्ता खोदून ठेवलाय. आम्ही अजून टँकरवर आहोत.

सकाळी चहा झाला की ताई खाली जिन्यात येते आणि वर मान करून ओरडते, "किती?"

टँकरच्या दिवशी मी गच्चीवर जाऊन येते आणि विती-बोटं सांगते. मधल्या दिवशी आधी डबे चढवलेले असतात, पाय भरून आलेले असतात, आणि एकच जिना राहिलेला असतो. तेव्हा मी कठड्याशी जाते आणि सांगते, "परवा होतं तेवढंच."



"बरं," ताई म्हणते. "मग आज भाजी मी पाठवते. तू बस."